वाफेने तेल वाचतं, मीठ नाही!

"डॉक्टर, तळलेले नाही हो, वाफवलेलेच खाल्ले!"

ब्लड प्रेशर वाढलेलं दिसलं आणि बाहेर काय काय खाता असं विचारलं, की हल्ली हे उत्तर हमखास येतं. सांगणाऱ्याच्या आवाजात अपराधीपणा नसतो. उलट डॉक्टर आता शाबासकी देतील अशी थोडी अपेक्षाच असते.

दुसऱ्या बाजूला असतात फाइलमध्ये "चायनीज बंद" असे दोन शब्द घेऊन फिरणारे पेशंट. कुणीतरी डॉक्टरने ते लिहिलेलं असतं. का बंद, किती बंद, घरी केलेलं चालेल का, यातलं काहीच सांगितलेलं नसतं. मग रविवारी संध्याकाळी नातवंडं ओट्याभोवती जमून गरमागरम डम्पलिंग खातात आणि आजी बाजूला बसून साधा वरणभात खाते. त्या वरणभाताबरोबर लोणच्याची मोठी फोड आणि दोन भाजलेले पापड असतात, ते मात्र कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत.

मला आज या दोघांशीही भांडायचं आहे. "वाफवलेलं म्हणजे पथ्याचं" हे खोटं आहे आणि "चायनीज म्हणजे विष" हेही खोटं आहे. खरा प्रश्न मिठाचा आहे. वाफवलेले डम्पलिंग घरी केले, तर त्या मिठाची लगाम पूर्णपणे तुमच्या हातात येते.

आधी हा पदार्थ नेमका काय आहे?

गव्हाच्या पिठाची पातळ पारी, आत भाजी किंवा खिमा, कडेला चुण्या. उत्तर चीनमध्ये याला जिआओझी म्हणतात. तो पाण्यात उकळतात, वाफवतात किंवा तव्यावर एका बाजूने खरपूस करतात. चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री उत्तरेकडच्या घराघरांत सगळे जण एकत्र बसून जिआओझी भरतात. आपल्याकडे गाड्यांवर मिळतो तो मोमो हा तिबेट-नेपाळकडून आलेला त्याचा भाऊबंद.

पदार्थ जुना आहे. शिनजियांगमधल्या तुर्फानजवळच्या अस्ताना इथल्या कबरींमध्ये तांग काळातले, म्हणजे हजार वर्षांहून जुने, वाळलेले जिआओझी सापडले आहेत. आणि गंमत म्हणजे चिनी आख्यायिकेनुसार हा पदार्थ शोधला एका डॉक्टरने! हान काळाच्या शेवटी होऊन गेलेले वैद्य झांग झोंगजिंग यांनी थंडीने कान सडलेल्या गरीब लोकांसाठी मांस आणि औषधी मसाला कणकेत गुंडाळून, कानाच्या आकाराचे तुकडे करून खाऊ घातले, अशी ती गोष्ट आहे. याला ऐतिहासिक पुरावा नाही. पण तिथल्या लोककथेतला डॉक्टर जिआओझी लिहून देतो आणि आपल्याकडचा डॉक्टर कारण न सांगता त्यावर फुली मारतो, हा फरक विचार करण्यासारखा आहे.

वाफ नेमकं काय करते?

तळताना पदार्थातलं पाणी बाहेर जातं आणि त्याच्या जागी तेल शिरतं. वाफवताना तेल लागतच नाही, म्हणून कॅलरी कमी होतात. वाफेचा फायदा हा एवढाच, आणि तो खरा आहे.

पण मिठाचं काय? भाजी पाण्यात उकळून पाणी ओतून दिलं, तर थोडं मीठ पाण्याबरोबर निघून जातं. वाफवताना तेवढंही जात नाही. सारणात घातलेला मिठाचा प्रत्येक कण पारीच्या आत बंद राहतो आणि तुमच्या पोटात जातो.

आता हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे जेमतेम एक टीस्पून. साधा सोया सॉस एक टेबलस्पून, म्हणजे १५ मिलि घेतला, तर त्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. मिठाच्या भाषेत ते झालं सुमारे २.३ ग्रॅम.

चाळीस डम्पलिंगच्या सारणात एक टीस्पून मीठ आणि दोन टेबलस्पून सोया सॉस घातला असं समजा. हे प्रमाण काही जगावेगळं नाही. एकूण मीठ झालं साधारण साडेदहा ग्रॅम. तुम्ही दहा डम्पलिंग खाल्ले, तर तुमच्या वाट्याला आलं सुमारे २.६ ग्रॅम. शिवाय बुडवून खायला वाटीत एक टेबलस्पून सोया सॉस घेतलात, ते आणखी २.३ ग्रॅम.

बेरीज करा. जवळजवळ ५ ग्रॅम! दिवसभराचं मीठ एका प्लेटमध्ये संपलं. सकाळचे पोहे, दुपारची आमटी, भाजी, कोशिंबीर, चहाबरोबरची खारी हे सगळं अजून मोजायचंच आहे. आणि यात तेलाचा एक थेंबही नाही, म्हणून तुम्ही खुश!

ज्यांना ब्लड प्रेशर आहे, ज्यांचं हृदय कमजोर आहे, ज्यांच्या किडन्या थकल्या आहेत, त्यांच्यासाठी हा हिशेब कागदावरचा नाही. शरीरात मीठ साठलं की त्याबरोबर पाणी साठतं. पायाला सूज येते, दम लागतो, रात्री उशा वाढवाव्या लागतात. हृदय कमजोर असलेल्या पेशंटला एखाद्या फार खारट जेवणानंतर हॉस्पिटल गाठावं लागू शकतं. "पण मी वाफवलेलंच खाल्लं होतं" हे त्या वेळी शरीराला सांगून उपयोग नसतो.

साप साप म्हणून भुई धोपटणं

मिठाबद्दल बोलायला लागलो की पेशंट म्हणतात, "नाही डॉक्टर, खरा घोळ त्या अजिनोमोटोचा."

अजिनोमोटो हे कंपनीचं नाव. पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळातून ही चव वेगळी काढली. म्हणजे जन्म जपानचा आणि बदनामी चीनची! हेच ग्लुटामेट टोमॅटोत, मशरूममध्ये, जुन्या चीजमध्ये, इतकंच काय आईच्या दुधातही असतं.

भीतीची सुरुवात झाली १९६८ मध्ये. अमेरिकेत राहणारे डॉ. रॉबर्ट हो मान क्वोक यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ला एक पत्र लिहिलं. चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेमागे बधिरपणा, अशक्तपणा आणि धडधड जाणवते, असं त्यात होतं. कारण काय असेल याचे त्यांनी काही अंदाज मांडले: सोया सॉस, स्वयंपाकात वापरलेली वाइन, ग्लुटामेट आणि मिठाचं जास्त प्रमाण. लोकांनी आणि माध्यमांनी त्यातलं फक्त ग्लुटामेट उचललं आणि मीठ सोडून दिलं. पुढे पेशंटला न कळू देता ग्लुटामेट देऊन केलेल्या चाचण्यांत हा त्रास सातत्याने दिसला नाही. रिकाम्या पोटी एकदम ३ ग्रॅम किंवा जास्त घेतल्यावर काही थोड्या लोकांना तात्पुरता, सौम्य त्रास होऊ शकतो, इतकंच म्हणता येतं.

सोडियमचं बोलायचं तर मिठात ते सुमारे ३९ टक्के असतं आणि ग्लुटामेटमध्ये सुमारे १२ टक्के. म्हणजे "आमच्याकडे नो अजिनोमोटो" अशी पाटी वाचून तुम्ही निर्धास्तपणे सोया सॉसची वाटी रिकामी करता, तेव्हा आजार म्हशीला आणि औषध पखालीला अशी गत होते. ते घालाच असं मी म्हणत नाही. घरी त्याची गरजही पडत नाही. पण चुकीच्या शत्रूशी लढण्यात आपण पन्नास वर्षं घालवली, हे लक्षात घ्या.

आणि ती कोबीतली अळी?

डम्पलिंगच्या सारणात कोबी असतो, म्हणून हाही प्रश्न येतोच. "कोबीतली अळी डोक्यात जाते ना?"

कोबीच्या पानावर दिसणारी हिरवी अळी फुलपाखराची किंवा पतंगाची असते. किळसवाणी असेल, पण ती मेंदूत जात नाही. मेंदूत गाठी करून फिट आणणारा जीव वेगळा. तो डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी, टीनिया सोलियम. ज्या माणसाच्या पोटात हा कृमी आहे त्याच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात आणि सांडपाणी, माती, न धुतलेले हात यांच्यामार्फत अन्नावर पोचतात. ती अंडी पोटात गेली तर पुढचा त्रास होतो. त्यामुळे हा आजार कट्टर शाकाहारी माणसालाही होऊ शकतो, आणि दोष एकट्या कोबीचा नाही. न धुतलेली कोथिंबीर, मुळा, गाजर, काहीही चालतं त्या अंड्यांना.

उपाय सोपा आहे. कोबीची बाहेरची पानं काढा, बाकीची सुटी करून वाहत्या पाण्यात धुवा आणि नीट शिजवा. दहा मिनिटं कडक वाफेत शिजलेला कोबी सुरक्षित आहे. आणि पोर्क वापरत असाल तर ते पूर्ण शिजलेलंच हवं.

आता घरी करू या

ज्यांना उकडीचे मोदक जमतात त्यांनी तर मुळीच घाबरू नये. वाफवायच्या डम्पलिंगचं पीठ चिनी घरांमध्येही उकळत्या पाण्यात भिजवतात. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, चिवटपणा कमी होतो आणि पारी मऊ राहते. तांदळाच्या उकडीमागचं तत्त्वही असंच आहे.

१. पारी: ३०० ग्रॅम पीठ. निम्मा मैदा आणि निम्मी कणीक घेतली तरी चालते. त्यात साधारण १६० मिलि उकळतं पाणी थोडं थोडं घालून चमच्याने हलवा, हाताला सोसेल इतकं झालं की मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. पिठात मीठ घालू नका. ते नसल्याचं कुणाला कळतही नाही.

२. सारण: बारीक चिरलेला कोबी, गाजर, पातीचा कांदा, मशरूम, भरपूर आलं-लसूण, मिरपूड. मांसाहारी असाल तर चिकनचा खिमा. चिनी घरांमध्ये कांद्याच्या पातीसारखी एक भाजी आणि अंड्याची भुर्जी असं सारणही नेहमी करतात. आपल्या पातीच्या कांद्याचं ते छान होतं.

३. पाणी सुटू नये म्हणून: कोबीला आधी मीठ चोळून पिळायची पद्धत आहे, पण त्यात मीठ जास्त लागतं आणि काही आत राहतंच. त्याऐवजी चिरलेल्या भाजीला आधी दोन टीस्पून तिळाचं तेल चोळा. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर सुटत नाही. मीठ अगदी शेवटी, भरायच्या आधी घाला.

४. मीठ: चाळीस नगांना मिळून पाव टीस्पून मीठ आणि एक टीस्पून सोया सॉस. बस. चव आलं, लसूण, मशरूम आणि तीळ देतील.

५. भरणं: साधारण १२ ग्रॅमची, लिंबापेक्षा लहान गोळी, कडा पातळ आणि मध्य थोडा जाड अशी लाटा. सारण भरून दुमडा आणि कडेला चुण्या घाला. वाकड्या आल्या तरी बिघडत नाही.

६. वाफवणं: मोदकपात्र किंवा पातेल्यावर चाळणी. खाली कोबीचं किंवा केळीचं पान. पाणी खळखळ उकळल्यावरच डम्पलिंग ठेवा, एकमेकांना चिकटू देऊ नका. भाजीचे ८ मिनिटं, कच्च्या खिम्याचे १२ मिनिटं. झाकण उघडताना ते स्वतःच्या दिशेने नाही, पलीकडच्या दिशेने उचला. वाफेने भाजलेला हात तळणीच्या तेलाइतकाच वाईट असतो. मुलांना भरायला बसवा, झाकणापाशी नको.

खिम्याबद्दल एक सूचना. अख्ख्या तुकड्यावर जंतू पृष्ठभागावर असतात, खिमा करताना ते आतपर्यंत मिसळले जातात. म्हणून मध्यभाग ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवा. थर्मामीटर नसेल तर एक डम्पलिंग कापून बघा. आत गुलाबी दिसलं तर आणखी तीन-चार मिनिटं. कच्च्या चिकनची पाटी आणि सुरी भाजीला वापरू नका. उरलेले दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

७. चटणी: आणि इथेच सगळी मेख आहे. उत्तर चीनमध्ये जिआओझी प्रामुख्याने काळ्या व्हिनेगरमध्ये बुडवून खातात. झेनजिआंग शहराचं काळं व्हिनेगर त्यासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे पदार्थाच्या माहेरीच पथ्याची सोय आहे, आपण मात्र ती सोडून सोया सॉस आणि बाटलीतली लाल चटणी उचलली. साधं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, ठेचलेला लसूण, सुकी लाल मिरची, भाजलेले तीळ आणि थेंबभर तिळाचं तेल. मीठ शून्य.

आता पुन्हा हिशेब. चाळीस नगांत मीठ सुमारे सव्वादोन ग्रॅम. दहा खाल्ले तर साधारण अर्धा ग्रॅम. चटणीत काही नाही. ५ ग्रॅमवरून जवळजवळ अर्ध्या ग्रॅमवर! पदार्थ तोच, वाफ तीच.

डायबिटीस असेल तर

वाफेने पिठातली साखर कमी होत नाही. एका पारीत साधारण ८ ग्रॅम पीठ, म्हणजे अंदाजे ६ ग्रॅम कार्बोहायड्रेट. दहा डम्पलिंग म्हणजे साधारण तीन फुलके. मग ते फुलक्यांच्या ऐवजी खायचे, फुलक्यांनंतर नाही. सहा-सात डम्पलिंग, सारण भरपूर, सोबत भाज्यांचं कमी मिठाचं सूप, आणि त्या जेवणात भात-पोळी नको. कणीक मिसळल्याने थोडा फायबर मिळतो, पण ती जास्त खायची परवानगी नाही.

पर्यायी मिठाबद्दल सावधगिरी

मिठावरचं एक मोठं संशोधन चीनमध्येच झालं. तिथल्या ६०० गावांतल्या सुमारे २१ हजार लोकांमध्ये नेहमीच्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरून पाहिलं. या लोकांना आधी स्ट्रोक येऊन गेला होता किंवा ते साठीच्या पुढचे आणि ब्लड प्रेशरचे होते. जवळजवळ पाच वर्षांनंतर, २०२१ मध्ये निष्कर्ष आले: असं मीठ वापरणाऱ्यांमध्ये स्ट्रोकचं प्रमाण १४ टक्के कमी होतं. स्वयंपाकघरातली एक बरणी बदलल्याचा हा परिणाम!

पण धावत जाऊन असं मीठ आणू नका. किडनीचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधं चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

"बंद" म्हणणं सोपं असतं

माझे काही डॉक्टरमित्र म्हणतील, "अरे, पेशंट ग्रॅम मोजत बसत नाही. बंद म्हटलं की विषय संपतो." हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. ओपीडीत गर्दी असते, वेळ नसतो, आणि "किती" समजावण्यापेक्षा "बंद" लिहायला कमी वेळ लागतो.

पण "बंद" लिहिल्याने विषय खरंच संपतो का? पेशंटला वाटतं, शत्रू चायनीज आहे. ते सोडलं की आपलं कर्तव्य संपलं. मग लोणचं, पापड, फरसाण, खारे शेंगदाणे, इन्स्टंट सूप सगळं चालू राहतं, कारण ते कुणी "बंद" लिहिलेलं नसतं. पदार्थ सुटतो, मीठ सुटत नाही. आणि वर त्या माणसाला घरच्या पंगतीतून उठवल्याची शिक्षा. सत्तरीच्या आजींना औषधाची गोळी जितकी हवी, तितकंच नातवंडांबरोबर एका ताटात जेवणंही हवं. ते हिरावून घ्यायचं असेल, तर त्यासाठी डॉक्टरकडे भक्कम कारण हवं. मैदा-कोबीच्या सहा मोदकांसाठी ते कारण माझ्याकडे नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. पुढच्या वेळी डॉक्टरने एखादा पदार्थ "बंद" लिहिला, तर नम्रपणे विचारा: "त्यातलं नेमकं काय बंद, आणि घरी ते काढून केलं तर चालेल का?" हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि उत्तर देणं आमचं काम आहे. आणि गाडीवर उभं राहून "वाफवलेले द्या" म्हणाल, तेव्हा वाफेकडे नाही, शेजारच्या चटणीच्या वाटीकडे बघा.

हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी आपल्या मिठाची मर्यादा आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. ती ५ ग्रॅमपेक्षा कमी असू शकते. बाकीच्यांनी येत्या रविवारी पीठ भिजवायला हरकत नाही. मिठाची बरणी मात्र ओट्यापासून थोडी लांब ठेवा.